बंदरावरच्या गावात पहिलं साप्ताहिक काढताना

आमच्या जेटीवर सकाळी साडेसहाला माशांचा लिलाव सुरू होतो. रात्रीत कोणाचं इंजिन बंद पडलं, कोणी कोणाला ओढून आणलं, नगरपंचायतीत कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, हे सगळं तोवर तिथे पोचलेलं असतं. लिलाव आटपेपर्यंत एका गोष्टीच्या चार गोष्टी होतात आणि आठच्या एसटीने त्यातली सगळ्यात तिखट गोष्ट तालुक्याला जाते. मी पेपर काढणार म्हटल्यावर एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, लगेच विचारलं, "बातमी तर सगळ्यांका म्हायत आसता. मगे तू छापतलंस काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर हाती आल्याशिवाय कोणी एक रुपयाही घालू नये. माझ्यापुरतं उत्तर असं निघालं: त्या चारांतली खरी गोष्ट कुठली ते शोधायचं, नावानिशी-तारखेनिशी कागदावर उतरवायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. गावात हे काम दुसरं कोणी करत नाही. पुढे नोंदणी, छपाई, जाहिराती असं जे काही सांगणार आहे, ते या एका कामासाठी लागणारं सामान आहे.

आधी तीन महिने वहीत अंक काढा

दोनशे पानी वही घ्या आणि दर आठवड्याला अंक निघाला असता तर त्यात काय गेलं असतं ते लिहा. मथळ्यासकट. पहिले दोन आठवडे हात चालतो, तिसऱ्या आठवड्यात काही घडत नाही. त्या आठवड्याचा अंक भरता येतो का, एवढंच बघायचं आहे. माझ्या वहीत सातव्या आठवड्याला 'पाणपोईला नवा माठ' अशी बातमी आहे. ती वाचली की अजून हसू येतं, पण भाबड्या बातमीने रिकामी जागा भरायची खोड तिथेच मोडली.

वहीतून मोसमही कळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या, खानावळी अर्ध्या, पर्यटक नाही, चाकरमानी परत गेलेले. जाहिरातींचा तर दुष्काळच. पहिला अंक मे महिन्याच्या उत्साहात काढणाऱ्याचा दम पाचव्या अंकाला तुटतो, कारण तो अंक नेमका बंदीत येतो. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे सुरुवात करावी. बोटी बाहेर पडतात, पाठोपाठ गणपती, मग नवरात्र, दिवाळी. चार-पाच महिने वारा पाठीशी राहतो.

साप्ताहिक की पाक्षिक, हेही वहीच ठरवते. यात लाज वाटायचं कारण नाही. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं ते पाक्षिक म्हणून; मे महिन्यापासून ते साप्ताहिक झालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच पट्ट्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की नोंदणीत कालावधी लिहावा लागतो. पुढे बदलायचा झाला तर नोंदणीतही बदल करून घ्यावा लागतो.

छोट्या बंदरात पत्र टिकत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला वेंगुर्ल्याला पाठवा. तिथलं 'किरात' साप्ताहिक शंभरी ओलांडून गेलं.

नाव आणि नोंदणी

जुने लोक अजून 'डिक्लेरेशन' म्हणतात. जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, घोषणापत्र करायचं, दिल्लीहून नाव मंजूर व्हायची वाट बघायची. १८६७ चा तो कायदा आता गेला. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ लागू आहे. वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या पूर्वीच्या आरएनआय कार्यालयाचं नाव आता प्रेस रजिस्ट्रार जनरल, आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन. नावाची मागणी आणि नोंदणी एकाच अर्जात होते. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे बांद्याच्या अलीकडे आणि पलीकडे, गोव्यातही, रीत तीच.

सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत, दुसऱ्याच्या मालकीचं सारखं किंवा जवळपास सारखं नाव असेल तर ते मिळत नाही. 'सागर', 'सिंधू', 'कोकण' या शब्दांभोवती सुचतील ती नावं बहुधा कोणीतरी आधीच घेतलेली असतात. आधी पोर्टलवर शोधून बघा आणि चार-पाच नावं पसंतीच्या क्रमाने तयार ठेवा. गावच्या एखाद्या जागेचं नाव चांगलं: खाडीतला खडक, जुना धक्का, दीपस्तंभाच्या टेकडीचं स्थानिक नाव. मिळायची शक्यता जास्त, आणि चाकरमान्याला मुंबईत लिफाफ्यावर ते नाव दिसलं की तो आधी हसतो, मग फोडतो.

अर्जात मालक, प्रकाशक, संपादक आणि छापखाना यांची माहिती लागते. संपादक भारताचा नागरिक आणि इथेच राहणारा हवा. छापखान्यानेही आपली माहिती त्याच पोर्टलवर दिलेली असली पाहिजे. हे प्रेसवाल्याला आधी विचारा, कारण अर्ज बऱ्याचदा इथेच अडतो. अर्जाची प्रत ऑनलाइनच जिल्हा प्रशासनाकडे जाते, आणि हरकत किंवा अभिप्राय द्यायला त्यांना ६० दिवस असतात. तेवढे दिवस हिशेबात धरूनच पहिल्या अंकाची तारीख काढा. प्रमाणपत्र हातात येण्याआधी 'नमुना अंक' म्हणून वाटायचा मोह होतो. आवरा. नोंदणीशिवाय नियतकालिक काढल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदणीनंतर तीन कामं कायमची मागे लागतात. दर अंकात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापल्याचं आणि प्रसिद्ध केल्याचं ठिकाण सांगणारी ओळ. वर्षाचं विवरण पोर्टलवर. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंकाची एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुष्कळ छोटी पत्रं हे टपाल विसरतात. पण गावातली तुमची फाइल वाळवीने खाल्ली, वा पुरात गेली, तर नातवाला आजोबांच्या निधनाची बातमी तिथेच सापडेल.

पैशाचं गणित, तोंडी नको

खालचे आकडे फक्त मांडणी दाखवायला घेतलेत. तुमच्या प्रेसचं दरपत्रक आणा आणि त्यांच्या जागी आपले आकडे घाला.

समजा आठ पानी टॅब्लॉइड, १,००० प्रती, कागद-प्लेट-छपाई धरून प्रत ८ रुपयांना पडते. म्हणजे अंकाला ८,००० रुपये. किंमत ५ रुपये. विक्रेत्यांकडे ७०० प्रती गेल्या आणि कमिशन वजा जाता हातात साडेतीन रुपये आले तर २,४५० होतात. टपालाचे २०० वर्गणीदार, वर्षाला ३०० रुपये. वर्षात ५० अंक धरले तर अंकामागे १,२००. उरलेल्या १०० प्रती फाइल, ग्रंथालयं, जाहिरातदार यांच्या. जमा एकूण ३,६५०. तूट ४,३५०. त्यात डीटीपी (संगणकावर पानं लावणं), गाडीभाडं, टपाल, फोन आणि एका पोराचा पगार असे ३,५०० घाला. आता ७,८५० रुपये जाहिरातींतून यायला हवेत, दर आठवड्याला, पावसातसुद्धा.

हे जागेत बदलून बघा. सहा कॉलम, ३८ सेंटिमीटर उंची म्हणजे पानाला २२८ कॉलम सेंटिमीटर. दर २० रुपये ठेवला तर साधारण ३९० कॉलम सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन पानं जाहिरात. आठांतली पावणेदोन. ऐकायला सोपं वाटतं, पण जुलैतल्या तिसऱ्या आठवड्यात ती पावणेदोन पानं कोण देणार, त्यांची नावं कागदावर लिहून दाखवा. नावं सुचली नाहीत तर चार पानांनी सुरुवात करा. शिवाय सहा महिन्यांच्या छपाईचे, म्हणजे वरच्या हिशेबाने २६ अंकांचे २,०८,००० रुपये, वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

जाहिरात येते कुठून? हॉटेल, होमस्टे, स्कूबावाले मोसमात देतात. नेत्यांच्या वाढदिवसाच्या 'अभीष्टचिंतन' जाहिराती वर्षभर येतात, पण त्यांचे पैसे वसूल करायला निवडणूक जवळ यावी लागते. खरा टेकू वकिलांच्या जाहीर नोटिसांचा. कोकणातली जमीन सामायिक. एका सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ मुंबईला आणि दोन कुठे आहेत कोणालाच ठाऊक नाही. खरेदी करणाऱ्याचा वकील हरकती मागवणारी नोटीस देतो आणि त्याला त्या गावात वाचलं जाणारं पत्र हवं असतं. ही जाहिरात छोटी, रोकडी आणि बारमाही. तालुक्याच्या कोर्टाबाहेर जाऊन पहिल्याच महिन्यात प्रत्येक वकिलाला अंक आणि दरपत्रक द्या. नोटीस घेताना वकिलाच्या सहीचं पत्र घ्याच. फोनवर सांगितलेला सर्व्हे नंबर छापू नका, मग भलत्याच्या अंगणाला नोटीस लागते.

सरकारी जाहिरातींच्या भरवशावर कोणी पेपर काढू नये. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर यायला आधी सलग, नियमित अंक काढून दाखवावे लागतात. आली तर बरं, नाहीतर आपलं चाललेलंच आहे, अशी तयारी ठेवायची. सरकारी असो की खासगी एजन्सीची, मोठी जाहिरात आरओ, म्हणजे लेखी रिलीज ऑर्डर, हातात आल्याशिवाय लावायची नाही. पहिल्या वर्षी एका कार्यालयाची अर्धं पान जाहिरात मी साहेबांच्या तोंडी शब्दावर छापली. साहेब बदलून गेले, बिल अजून फाइलमध्ये आहे.

जीएसटीचं थोडक्यात: छापील वृत्तपत्राच्या विक्रीवर कर नाही, जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आहे. उलाढाल वाढायला लागली की सीएकडे जा.

अंकात काय असावं

पहिल्या पानाची बातमी वाचक एकदा वाचतो. भरती-ओहोटीचा तक्ता आठवडाभर वाचतो. आमच्या अंकातला तो चौकोन कापून लोक स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवतात. रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), कालवं काढायला जाणाऱ्या बायका, तरीवाले, सगळे.

जुन्या माणसाला तक्त्याची गरज नसते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला चाराची पाऊणपट म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे अंदाजाला उत्तम आहे, छापायला नाही. छापायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकातून घ्या, आपल्याला जवळचं बंदर धरा आणि आपल्या खाडीच्या मुखाशी किती मिनिटांचा फरक पडतो हे दोन-तीन तांडेलांना विचारून, स्वतः महिनाभर धक्क्यावर उभं राहून ताडून घ्या. मी धक्क्याच्या पायऱ्या मोजायचो. तिसऱ्या पायरीवर पाणी आलं की घड्याळ. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांना ठळक टाइप, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांना साधा. खाली एक ओळ: हा अंदाज आहे, समुद्रात जाण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा बावटा बघावा. शेजारी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. तो आम्ही आजवर एकाही अंकात गाळलेला नाही.

तक्त्याखाली जेटीवरचा दर. इथे नवशिके चुकतात, कारण 'सुरमई ९००' असं लिहून काही कळत नाही. केवढी सुरमई? लिलावातला भाव की बाजारातला? टोपलीचा की किलोचा? आम्ही ठरवून टाकलं: दर मंगळवारचा, सकाळच्या लिलावातला, कमाल आणि किमान, आणि माशाच्या आकारासकट. पहिले काही आठवडे दलाल चिडले. नंतर तेच सांगू लागले, "माझो बांगडो लिवलंस नाय ता?"

मग एसटी आणि रेल्वेच्या वेळा, फेरीबोट सुरू की बंद, कुठल्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी, वीज कधी जाणार. यात काही थोर पत्रकारिता नाही, पण ही माहिती चुकली तर माणूस फाट्यावर दोन तास उभा राहतो आणि तुमच्या अग्रलेखावरही त्याचा विश्वास बसत नाही.

निधनवार्ता फुकट छापा. फोटोचे पैसे घ्या हवं तर. आणि यात जपा, कारण इथे अख्खी वाडी एका आडनावाची असते. दुसऱ्याच महिन्यात आम्ही एका गृहस्थांची निधनवार्ता छापली. गेले होते त्यांचे चुलतभाऊ. नाव तेच, आडनाव तेच, वडिलांचं नाव निराळं, आणि तेच आम्ही घातलं नव्हतं. गृहस्थ सकाळी ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी मेलंय तर चाय कोण पितलो? माग." चहा मागवला. पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टाइपात चूक कबूल केली. तेव्हापासून नियम आहे: पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, वाडी, आणि घरच्या एका माणसाशी बोलल्याशिवाय निधनवार्ता पानावर जात नाही.

बातमीसाठी बांधून घ्यायच्या जागा ठरलेल्या असतात. आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. नगरपंचायतीच्या सभेची विषयपत्रिका आधी मागा, म्हणजे सभेत काय टाळलं तेही कळतं. बंदर निरीक्षक, मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी, सागरी पोलीस ठाणं, प्राथमिक आरोग्य केंद्र, आगार. या पाच ठिकाणी आठवड्यातून एकदा, काही घडलेलं नसतानाही, जाऊन बसायचं. जे तोंडी मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागायचं. उत्तराची मुदत ३० दिवसांची. धक्क्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागितल्यावर ऑफिसात शांतता पसरते, तिचीही नोंद वहीत करून ठेवावी.

समुद्रातल्या भांडणात मात्र घाई नको. पारंपरिक रापणवाले आणि पर्ससीनवाले (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांचे बोटवाले) यांचा वाद किनाऱ्यावर दर मोसमात पेटतो, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी असूनही रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. बातमी लिहिताना बोट किती वावात (किती खोल पाण्यात) होती, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत की बाहेर, कारवाई कोणाच्या अधिकारात येते, हे विचारा. आतली हद्द राज्याची आहे. 'परप्रांतीय ट्रॉलर' हा शब्द लिहिण्याआधी बोटीचा नोंदणी क्रमांक बघितलेला माणूस शोधा. निदान माझ्या अनुभवात तरी निम्म्या वेळा बोट शेजारच्याच बंदरातली निघाली.

आणि बेपत्ता होडी. एका ऑगस्टमध्ये रात्री दहाला फोन आला, होडी बुडाली, चारही खलाशी गेले. प्रेसला पानं जायची वेळ बाराची. जो तो नावं सांगत होता. मी सागरी पोलिसांना विचारलं, त्यांच्याकडे फक्त 'संपर्क नाही' एवढीच नोंद. आम्ही तेवढंच छापलं, नावांशिवाय: 'होडीशी संपर्क तुटला, शोध सुरू'. इंजिन बंद पडून होडी वाहत गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या बंदरातून चौघांचे फोन आले. त्या रात्री व्हॉट्सॲपवर चौघांचे हार घातलेले फोटोसुद्धा फिरले होते.

डीटीपी, प्रेस आणि 'दर्या'ची दरी

बातम्या मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतात. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे पान जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लागतं. मधे कन्व्हर्टर. या मधल्या पुलावर अक्षरं पडतात. आमच्या पहिल्या नारळी पौर्णिमेच्या अंकात मथळा होता 'कोळीबांधवांनी दर्याला वाहिला सोन्याचा नारळ'. छापून आलं 'दऱ्याला'. रफार गेला आणि समुद्राची दरी झाली. कोळीवाड्यात वर्षभर मला "दरीत उडी मारलंस काय?" म्हणून विचारत.

उपाय दोन. शक्य असेल तर युनिकोड थेट चालणारं पान-मांडणीचं सॉफ्टवेअर वापरा. नसेल तर रूपांतरानंतर 'र्य', 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ट्र' ही अक्षरं शोधून एकेक तपासायची, आणि अंतिम प्रूफ स्क्रीनवर नव्हे, कागदावर वाचायचं. मथळे आणि नावं उलटीकडून वाचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. चूक चटकन दिसते.

हजाराच्या आसपास प्रती असतील तर शीट ऑफसेट पुरतं. वेब ऑफसेट यंत्र जोडून सुरळीत होईपर्यंतच बरीच प्रत रद्दीत जाते, त्यामुळे ते मोठ्या खपाला परवडतं. प्रेसवाल्याशी तीन गोष्टी लेखी करा: पानं किती वाजता पोचली की अंक किती वाजता मिळणार, वाया गेलेल्या प्रती कोणाच्या, आणि घाटात दरड कोसळली किंवा वीज गेली तर पर्यायी सोय काय. पावसाळ्यात गठ्ठा प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधून घ्या. भिजलेला पेपर उलगडत नाही, लगदा होतो.

वाटप

वार निवडताना आठवडा बाजार बघा. आमचा बाजार बुधवारी, म्हणून अंक बुधवारी सकाळी सातला. बाजाराला आजूबाजूच्या बारा वाड्यांतून लोक येतात आणि परत जाताना पिशवीतून अंकही नेतात. वेगळी गाडी लागत नाही. विक्रेते चार पुरेत: एसटी स्टँड, जेटीवरची चहाची टपरी, बाजारातलं किराणा दुकान, हायस्कूलसमोरचं झेरॉक्स. न खपलेल्या प्रती दर आठवड्याला मोजून परत घ्या. महिन्याने घेतल्या तर त्यात भजी बांधलेली असतात.

खरा वर्गणीदार मुंबईत आहे: लालबाग, परळ, डोंबिवली, विरार. गावाकडे येणं गणपती-शिमग्यापुरतं, पण गावची प्रत्येक चाहूल त्याला हवी. गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या सभेला अंकाचा गठ्ठा घेऊन जा. पोस्टाकडे नोंदणीकृत वृत्तपत्र म्हणून वेगळी नोंदणी केली की टपालखर्च नगण्य होतो. त्यासाठी खऱ्या वर्गणीदारांची यादी लागते, आणि ठरलेल्या पोस्टात ठरलेल्या दिवशीच अंक टाकावे लागतात. ४५ जीएसएमच्या कागदावरचा आठ पानी टॅब्लॉइड वीसेक ग्रॅमचा भरतो, म्हणजे वजनाची चिंता नाही. पत्ते बदलतात त्याची चिंता करा. चाळी पडून टॉवर झाले की वर्गणीदार आठव्या मजल्यावर जातो आणि पोस्टमन खालूनच परत येतो.

कायदा, आणि शेजारी

बदनामी हा गुन्हा आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. खरं आहे आणि लोकहिताचं आहे, हे दोन्ही दाखवता आलं पाहिजे, म्हणून कागद जपा. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. छोट्या गावात नाव गाळून भागत नाही. 'अमुक वाडीतली नववीतली मुलगी' एवढं लिहिलं की गावाने ओळखलंच. वाडीही गाळा, शाळाही गाळा, आरोपी नात्यातला असेल तर नातंही गाळा.

मोठ्या शहरातला पत्रकार ज्याच्याविरुद्ध लिहितो तो त्याला सहसा भेटत नाही. इथे तोच माणूस तुमचा वाचक, जाहिरातदार आणि शेजारी असतो. वाळूवाल्याविरुद्ध बुधवारी छापलं की गुरुवारी त्याच्याच मुलीच्या लग्नाला आहेर घेऊन जायचं असतं. जा. पण बातमी छापण्याआधी त्याला फोन करून त्याचं म्हणणं विचारलेलं असू द्या आणि ते छापलेलंही असू द्या; मग पंगतीत मान वर करून बसता येतं. जाहिरातदाराची बातमी आली तर ती कोण लिहिणार, हे आधीच ठरवा. आमच्याकडे जाहिरात आणणारा माणूस बातमीला हात लावत नाही.

धमकी आली तर ती खाजगी ठेवू नका. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, जिल्ह्यातल्या दोन-तीन पत्रकारांना कळवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरी आणि जमिनींच्या बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. पोलिसांनी नंतर तो खुनाचा गुन्हा म्हणून नोंदवला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली वेगळा कायदा केलेला आहे. तो ठाण्यात कोणाला आठवतोच असं नाही, म्हणून त्याची प्रत आपल्या टेबलाच्या खणात असावी.

पहिला अंक

प्रकाशन समारंभ साधा ठेवा. मंत्री बोलावला तर पहिल्या पानावर त्याचाच फोटो लागतो आणि तुम्ही कोणाचे ते गावाला कळतं. आम्ही पहिली प्रत जेटीवर लिलाव पुकारणाऱ्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली, दराचा चौकोन शोधला, बोटाने एकेक ओळ वाचली आणि 'कर्ली' चुकीची लिहिली आहे असं मोठ्याने सांगितलं. बरोबर होतं त्याचं.

दुसरा अंक पुढच्या बुधवारी लागतोच. त्यातली निदान दोन पानं पहिला अंक प्रेसला जाण्याआधीच लिहून ठेवा. पहिल्या अंकानंतरचे तीन दिवस तुम्ही चहा पीत, अभिनंदन घेत आणि कोणाचं नाव का राहिलं याची उत्तरं देत फिरणार आहात.